काम सांगून घेतलेले शिलाई मशीन आणि वॉरंटीचा नकार

प्रश्न : मी घरी शिवणकाम करून उदरनिर्वाह करते. कॅनव्हासच्या पिशव्या, जीन्सची दुरुस्ती आणि जाड पडदे हे माझे मुख्य काम असून कटाई आणि काजे-बटणांसाठी एक बाई मदतीला असते. पाच महिन्यांपूर्वी मी विजेवर चालणारे नवे शिलाई मशीन घेतले. घेण्यापूर्वी विक्रेत्याला माझ्या पिशवीचे छायाचित्र मोबाइलवर पाठवून, “रोज पाच-सहा तास असे काम यावर चालेल का?” असे विचारले होते, “बिनधास्त घ्या” असे उत्तर आले. आठवडाभरातच जाड जोडांवर टाके सुटू लागले आणि मोटार तापू लागली. नवव्या दिवशी मी मशीन बदलून मागितले. सेवा केंद्राने दोनदा शटलचे टायमिंग (सुई आणि खालच्या दोऱ्याचा भाग यांच्या हालचालींचा मेळ) लावून दिले. मध्यंतरी एकदा मी ते ओळखीच्या कारागिराकडूनही उघडून घेतले. आता कंपनी म्हणते की वॉरंटी केवळ घरगुती वापरासाठी आहे, आणि विक्रेता बिलावरील “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही ओळ दाखवतो. मला दाद मागता येईल का? हे मशीन विकून दुसरे घ्यावे का, आणि ते घेताना काय पाहावे?

उत्तर : दाद मागता येईल. मात्र आपली तक्रार कशावर उभी आहे, हे आपल्या पत्रातून थोडे निसटले आहे. आपण मोटार, टायमिंग आणि सुटलेले टाके यांविषयी बरेच लिहिले आहे आणि मोबाइलवरील त्या दोन ओळींचा उल्लेख जाता जाता केला आहे. माझ्या मते क्रम उलटा हवा. आपण मशीन नाव घेऊन मागितले की काम सांगून मागितले, या प्रश्नाच्या उत्तरावर आपले बहुतेक प्रकरण ठरेल, आणि ते उत्तर सुदैवाने लेखी आहे.

माल विक्री अधिनियम, १९३० याचे कलम १६ असे सांगते की विकत घेतलेली वस्तू एखाद्या विशिष्ट कामाला योग्य असेलच, अशी हमी कायदा सर्वसाधारणपणे गृहीत धरत नाही. पण खरेदीदाराने आपले काम विक्रेत्याला सांगितले असेल, त्याच्या जाणकारीवर आपण विसंबून आहोत हे त्यातून दिसत असेल आणि तशा वस्तू विकणे हा त्या विक्रेत्याचा व्यवसायच असेल, तर ती वस्तू त्या कामाला पुरेशी योग्य असली पाहिजे ही अट न लिहिताही करारात येते. याच कलमात एक अपवाद आहे. एखादी ठरावीक वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली, तर ती अमुक कामाला योग्य असण्याची ही गर्भित अट लागू होत नाही. म्हणजे दुकानात जाऊन एखाद्या मॉडेलचे नाव घेऊन “ते द्या” म्हणणारा ग्राहक आणि “माझे काम असे आहे, याला कोणते चालेल?” असे विचारणारा ग्राहक यांची कायद्यातील स्थिती एक नाही. छायाचित्र, तासांचा उल्लेख आणि विक्रेत्याचा होकार यांमुळे आपण दुसऱ्या प्रकारात बसता.

आता “घरगुती वापर” या आक्षेपाकडे वळू. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ केली जात आहे. पहिली गोष्ट अशी की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्या कलम २(७) नुसार व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारी व्यक्ती “ग्राहक” ठरत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी प्रयोजनाची मानली जात नाही, असे स्पष्टीकरण त्याच कलमाखाली दिलेले आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ सांगताना लेथ किंवा तत्सम यंत्र घेऊन स्वतः चालवणाऱ्या माणसाचेच उदाहरण दिले आणि असा माणूस एक-दोघांची मदत घेत असला तरी त्याचे ग्राहकपण जात नाही, असे म्हटले. त्यामुळे मदतीला असलेल्या बाईंचा उल्लेख तक्रारीत टाळू नये. तो करावा आणि मशीनवर आपण स्वतः बसता हे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहावे. उद्या आपण चार मशीन मांडून त्यांवर पगारी कारागीर बसवले, तर मात्र हे संरक्षण मिळणे कठीण होईल.

दुसरी गोष्ट वॉरंटी कार्डाची. कार्डावर “व्यावसायिक वापरास वॉरंटी लागू नाही” असे छापलेले असेल, तर कंपनीचा हा आक्षेप अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही, कारण वॉरंटी हा तिने स्वेच्छेने दिलेला करार आहे आणि त्याच्या मर्यादा ती ठरवू शकते. मात्र आपण ग्राहक आहात की नाही, हे ते कार्ड ठरवत नाही आणि विक्रेत्याने स्वतः दिलेला भरवसाही त्यामुळे पुसला जात नाही. उलट, ज्या मशीनची वॉरंटी घरगुती वापरापुरतीच आहे, ते रोज पाच-सहा तास कॅनव्हास शिवण्यासाठी सुचवले गेले, हाच आपला मुख्य आक्षेप असायला हवा. म्हणून विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे, पण तक्रारीचा रोख विक्रेत्यावर ठेवावा.

येथे एका सापळ्याची सूचना देणे भाग आहे. अशा बहुतेक तक्रारींत सवयीने “उत्पादनातील दोष” एवढाच मुद्दा मांडला जातो. आपले मशीन सुती आणि मध्यम जाडीच्या कापडावर निर्दोष चालत असण्याची दाट शक्यता आहे. ग्राहक आयोगाने ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार ते तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवले आणि “यंत्र सुस्थितीत आहे” असा अहवाल आला, तर केवळ उत्पादनदोषावर बेतलेली तक्रार तिथेच संपेल. या कायद्यातील “दोष” या शब्दाची व्याख्या अधिक व्यापक आहे: कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेल्या दर्जातील उणीव तर त्यात येतेच, शिवाय विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे दावा केलेल्या दर्जातील उणीवही कलम २(१०) नुसार दोषच ठरते. “बिनधास्त घ्या” हा तसा दावा आहे. तेव्हा तक्रारीत प्रथम हे लिहावे की सांगितलेल्या कामास मशीन अयोग्य आहे आणि ते योग्य असल्याचे सांगून विकले गेले. मोटार तापणे आणि टाके सुटणे हे पर्यायी मुद्दे म्हणून त्यानंतर यावेत.

तपासणी झालीच, तर तज्ज्ञाचा पहिला प्रश्न बहुधा सुईचा असेल. जाड जोडावर टाका सुटण्याचे कारण शटलच्या टायमिंगमध्ये असू शकते, तसेच ते बारीक किंवा वाकलेल्या सुईत, चुकीच्या दोऱ्यात वा दाबपट्टीच्या अपुऱ्या दाबातही असू शकते. आपण जीन्ससाठी १०० किंवा ११० क्रमांकाची, म्हणजे जुन्या मापाने १६ वा १८ ची सुई वापरत होता का, हे आताच आठवून लिहून ठेवावे आणि त्याच कापडाचे, त्याच दोऱ्याने शिवलेले, टाके सुटलेले दोन-तीन तुकडे जपून ठेवावेत. कारागिराने मशीन उघडल्याची गोष्टही लपवू नये. ती विरुद्ध पक्षाने उघड करण्यापेक्षा आपण तारखेसह सांगितलेली बरी. विशेषतः आपली बदलून देण्याची मागणी त्याआधीची असेल, तर मशीन उघडल्याच्या मुद्द्याचे वजन पुष्कळ कमी होते. यापुढे मात्र ते कोणालाही उघडू देऊ नये.

बिलावरील “माल परत घेतला जाणार नाही” ही ओळ पाहून लोक उगाच माघार घेतात. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांच्या आत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. रंग आवडला नाही म्हणून मशीन परत करणाऱ्याला ही ओळ कदाचित अडवेल. सदोष मालाच्या बाबतीत ती ढाल होत नाही. आपला नवव्या दिवसाचा संदेश येथे दुहेरी कामाचा आहे. तो तीस दिवसांच्या आतला आहे, आणि वस्तू वाजवी वेळेत न नाकारता ठेवून घेतली तर ती स्वीकारली असे मानले जाते, या माल विक्री अधिनियमातील कलम ४२ च्या आक्षेपालाही त्यातून उत्तर मिळते. त्यानंतरही आपण मशीन वापरत राहिलात, हे विरुद्ध पक्ष नक्की म्हणेल; दुरुस्तीचे आश्वासन मिळत गेल्याने ते वापरले, हे सेवा केंद्राच्या दोन्ही पावत्यांवरून दाखवता येईल. त्या पावत्या घेतल्या नसतील, तर आजच त्यांच्या प्रती मागाव्यात.

मोबाइलवरील संभाषण पुसले जाणार नाही याची तजवीज प्रथम करावी. केवळ हवे तेवढे दोन संदेश न ठेवता तारीख, वेळ आणि क्रमांक दिसतील असे पूर्ण संभाषण छापून घ्यावे, मूळ फोन सांभाळावा, आणि भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याच्या कलम ६३ मधील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र सोबत जोडावे. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी न्यायालयाइतक्या काटेकोरपणे लावले जात नाहीत, पण पुढे अपील झाले तर कागद पक्का असलेला बरा.

त्यानंतर विक्रेता आणि कंपनी यांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. अशी नोटीस कायद्याने बंधनकारक नाही आणि ती वकिलामार्फतच जावी असेही नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहण्यासही हरकत नाही. मात्र तिथे चाललेल्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करावी लागते, आणि आपण ही दोन वर्षे नवव्या दिवसापासून नव्हे तर खरेदीच्या तारखेपासून मोजावीत, म्हणजे वादाला जागा राहणार नाही. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेत्याच्या गावी जाण्याची गरज नाही. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी दिलेली किंमत, पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून ती स्वतःही दाखल करता येते. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. तपासणीची गरज असल्यास पाच महिन्यांत आणि नसल्यास तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागेल असे धरून चालावे.

मागणी पैसे परत देण्याची करावी आणि बुडालेल्या कामाची भरपाई मागावी, पण जेवढी कामे वहीतील नोंदींनी आणि गिऱ्हाइकांच्या संदेशांनी दाखवता येतील तेवढ्यांचीच. फुगवलेला आकडा बाकीच्या तक्रारीवरचा विश्वासही कमी करतो. माझे प्रामाणिक मत विचाराल, तर मध्यस्थीचा प्रस्ताव आल्यास तो नाकारू नये: हे मशीन परत घेऊन, फरक भरून, जाड कामाचे मशीन देण्याची तडजोड आपल्याला निकालाची वाट पाहण्यापेक्षा लवकर कामाला लावेल.

दुसरे मशीन घेताना पुन्हा हाच धडा लागू पडतो. घरगुती मशीन मिनिटाला साधारण हजाराच्या आत टाके घालण्यासाठी आणि मधूनमधून थांबण्यासाठी बनवलेले असते. औद्योगिक सरळ टाक्याचे मशीन चार-पाच हजार टाक्यांपर्यंत जाते आणि तासन्‌तास चालते, पण त्यातही हलक्या आणि जाड कापडासाठी वेगवेगळ्या घडणी असतात. “हेवी ड्युटी” हे शब्द खोक्यावर असणे म्हणजे कायद्याने ठरवलेला दर्जा असणे नव्हे. म्हणून आपला कॅनव्हास, आपला दोरा आणि पिशवीच्या पट्ट्याचा सर्वांत जाड जोड सोबत न्यावा, तो त्याच मशीनवर शिवून पाहावा, दोन्ही बाजूंचा टाका तपासावा आणि मोटार निदान वीस मिनिटे चालू ठेवावी. मात्र आपण मशीन तपासून घेतले असेल, तर त्या तपासणीत सहज दिसायला हवा होता असा दोष पुढे विक्रेत्याच्या माथी मारणे कठीण होते. तेव्हा चाचणी घ्यायची तर नीट घ्यावी.

बिल आपल्या नावाचे असावे आणि त्यावर मॉडेलसोबत मशीनच्या डोक्याचा (शिवणाऱ्या मुख्य भागाचा) अनुक्रमांक लिहून घ्यावा. डोके, स्टँड आणि मोटार वेगवेगळ्या उत्पादकांची असतील, तर तिन्हींची नोंद एकाच विक्रेत्याच्या एकाच बिलावर करून घ्यावी. नाहीतर बिघाड झाल्यावर डोक्यावाला मोटारीकडे आणि मोटारवाला डोक्याकडे बोट दाखवतो. वॉरंटीतील वगळलेल्या बाबी पैसे देण्यापूर्वी वाचाव्यात. आणि बिलावर विक्रेत्याच्या हस्ताक्षरात एक वाक्य मागावे: “कॅनव्हासच्या पिशव्या व जीन्स दररोज सहा तास शिवण्यासाठी सुचविले.” हे लिहायला विक्रेता कचरला, तर ते मशीन आपल्या कामाचे नाही, असे समजून पुढे जावे.

राहिला हे मशीन विकण्याचा प्रश्न. ते विकू नये. आयोगाला तपासणीसाठी पाठवायला दुसरे काहीच उरणार नाही, आणि ते चांगल्या स्थितीत आहे म्हणून विकले तर आपलेच म्हणणे आपण खोडून काढल्यासारखे होईल. ते झाकून ठेवावे. तडजोडीत विक्रेत्याने ते परत नेले, तर मशीनचा अनुक्रमांक आणि तारीख लिहिलेली पोच घेतल्याखेरीज ते दाराबाहेर जाऊ देऊ नये.