पासष्टीची सुपरव्हिलन हवी असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वतःच्या कॉमिकवरून अर्ध्या तासाचा पायलट, म्हणजे मालिकेचा नमुना भाग, करताय, खलनायिका पासष्टीची आहे, तुम्हाला रंगभूमीवरची ज्येष्ठ अभिनेत्री हवीय आणि निर्माता म्हणतोय, पस्तिशीतली घेऊ, मेकअपने म्हातारी करू. शिवाय त्याला शंका, म्हातारीला घाबरणार कोण?

मेकअपचं त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. रोहिणी हट्टंगडींनी तिशीच्या आसपास असताना ‘गांधी’ सिनेमात कस्तुरबांचं म्हातारपण उभं केलं आणि बाफ्टा मिळवलं. पण तिथे तरुणपणापासूनचा प्रवास दाखवायचा होता. तुमच्या बाई पहिल्या फ्रेमपासून पासष्टीच्याच आहेत. पूर्ण चेहऱ्याचं प्रोस्थेटिक, म्हणजे चिकटवायची खोटी कातडी, लावायला रोज तीन-चार तास गेले, तर बारा तासांच्या शिफ्टमध्ये हातात काय राहतं? निर्मात्याशी कलेवर वाद घालत बसू नका, हा हिशोब पुढे ठेवा. लगेच पटतो.

घाबरण्याचं म्हणाल, तर १९८७ साली दूरदर्शनवर ललिता पवारांची मंथरा ज्यांनी पाहिली त्यांना विचारा. बाई तेव्हा सत्तरीच्या होत्या. हातात शस्त्र नाही, अंगात शक्ती नाही, नुसतं कैकेयीच्या कानाशी बोलून अख्ख्या अयोध्येचं वाटोळं केलं. हॉलिवूडलाही हे उशिराच सुचलं म्हणा. मार्व्हलच्या सिनेमालिकेत पहिली मुख्य खलनायिका आली २०१७ मध्ये, केट ब्लँचेटची हेला, तीही अठ्ठेचाळिशीतली. २०२३ च्या ‘शझॅम’च्या दुसऱ्या भागात हेलन मिरेन सत्त्याहत्तराव्या वर्षी चिलखत चढवून उभ्या राहिल्या. आता तो सिनेमा काही खास नव्हता, पण त्याचं खापर त्यांच्यावर फोडता येणार नाही. त्यांच्या वाट्याला लिहून काय आलं, ते बघा.

आणि माझी खरी काळजी तुमच्या स्क्रिप्टची आहे. आपल्याकडे साठीपुढच्या चांगल्या नटीला निगेटिव्ह रोल म्हणजे खाष्ट सासू. वर्षानुवर्षं लिहून आपला हात तसाच वळलाय. तुम्ही टाकलेले दोन सीन वाचले. त्यात बाई हीरोला टोमणे मारतात, मग मुलगा गेल्याचं दुःख सांगतात. ही केप घातलेली सासू झाली. तिला मुलाचा सूड नको, गेलेल्या तारुण्याची खंतही नको. पुरुष खलनायकाला आपण ‘जग का हवंय’ असं कुठे विचारतो? त्याला हवं असतं, बस्स. तिलाही हवं असू द्या.

एका लूक टेस्टला मी होतो, अंधेरीतल्या गाळ्यात. ज्येष्ठ अभिनेत्री, नाव सांगत नाही. ड्रेसदादाने धातूसारखे दिसणारे फायबरचे पंजे चढवले. बाईंनी ते दोन मिनिटं वागवले, मग काढून टेबलावर ठेवले आणि दिग्दर्शकाला विचारलं, “हिला राग कशाकशाचा येत नाही?” त्याला उत्तर देता येईना. मग त्यांनीच समोरच्या पोराला उद्देशून धमकीचं वाक्य म्हटलं, आवाज न चढवता, चष्म्याची काच पदराने पुसत. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंजे रद्द झाले, चष्मा राहिला.

ॲक्शनचं फार मनावर घेऊ नका. वाइड शॉटला हार्नेसवर बॉडी डबल, क्लोजला बाईंना पक्क्या प्लॅटफॉर्मवर उभं करा आणि पंखा लावा. काँटॅक्ट लेन्सचा हट्ट नको, डोळ्यांचा रंग शूटिंगनंतर पोस्टमध्ये बदलता येतो. मात्र क्रोमावर, म्हणजे हिरव्या पडद्यापुढे, शूट करताना नजर ठेवायला समोर नुसता टेनिस बॉल टांगू नका. नाटकातला माणूस समोरच्याच्या श्वासावर वाक्य घेतो. क्यू द्यायला खरा नट उभा करा, तो फ्रेममध्ये नसला तरी. असिस्टंटने फोनमध्ये बघत सपाट वाचलं, तर बाईंचंही सपाट होणार, आणि मग तुम्ही म्हणाल की वयामुळे जमलं नाही.

आता विचारायचं कसं. आरामनगरला ऑडिशनच्या रांगेसाठी असते तशी सेल्फ-टेप, म्हणजे स्वतःच शूट करून पाठवलेली ऑडिशन, मागू नका, व्हॉट्सॲपवर पीडीएफ तर नकोच. आधी फोन करून वेळ घ्या, घरी किंवा प्रयोगाआधी ग्रीनरूममध्ये जाऊन नॅरेशन द्या, म्हणजे गोष्ट स्वतः सांगा. कॉमिकची पानं सोबत न्या, चित्रं बघून निम्मं काम होतं. ‘ताई’ म्हणा, ‘मॅडम’ चालेल; ‘आजी’ चुकूनही नको, पात्राबद्दल बोलतानाही नको. पैशाचा आकडा पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, “बजेट जरा कमी आहे” असं पुटपुटू नका. शनिवार-रविवार शिवाजी मंदिर किंवा यशवंत नाट्यगृहात प्रयोग असणार, तेव्हा तारखा मंगळवार ते गुरुवार मागा. आणि पहिल्या दिवशी क्रोमा लावू नका. संवादाचा, खुर्चीत बसून करायचा सीन ठेवा; युनिटला बाई कळतात आणि बाईंना युनिट.

सुधारलेले सीन टाका इथे, वाचतो.