सजीवांची उत्पत्ती की उत्क्रांती?

दादरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: दहावीची मुलं उत्तरपत्रिकेत 'सजीवांची उत्पत्ती' आणि 'सजीवांची उत्क्रांती' सर्रास एकाच अर्थाने लिहितात. गुण कापावेत का?

बाई, कापा, पण आधी फरक सांगून मग. कारण हा घोळ काही मुलांनी घातलेला नाही. डार्विनच्या १८५९ च्या 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या नावातच 'ओरिजिन', म्हणजे 'उत्पत्ती' आहे आणि आत सगळी चर्चा उत्क्रांतीची. एका जातीपासून दुसरी कशी होते ते तो सांगतो. पहिला जीव कुठून आला, या प्रश्नाला तिथे हात घालत नाही. १८७१ साली मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात मात्र अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, उजेड, उष्णता, वीज असं सगळं जमून आलेल्या कोमट डबक्यात जीवाची सुरुवात झाली असेल, अशी कल्पना त्याने केली होती.

शब्दांची फोड केली की फरक आपोआप कळतो. उत्पत्ती म्हणजे उद् + पद्; नव्हतं ते होणं. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्यावरचं 'उत्पन्न' याच धातूचं. उत्क्रांतीत आहे क्रम् धातू, म्हणजे पाऊल टाकणं. पाऊल टाकायला कुणीतरी आधीच असावं लागतं! संस्कृतात उत्क्रांती म्हणजे प्राणाने देह सोडून जाणं. ब्रह्मसूत्रांत तो शब्द याच अर्थाने येतो, आणि मरणकाळी दान करायच्या गाईला उत्क्रांतिधेनू म्हणतात. मृत्यूशेजारचा हा शब्द मराठीने जीवसृष्टीच्या वाटचालीला दिला, ही निवड मला फार आवडते. हिंदीतल्या 'विकास'मध्ये सुधारणेचा वास येतो. पट्टकृमीने आतडं गमावलं, तीही उत्क्रांतीच; तिला विकास कसं म्हणणार?

आता विज्ञान. रशियन शास्त्रज्ञ ओपारिनने १९२४ मध्ये आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेनने १९२९ मध्ये निर्जीव रसायनांपासून जीव कसा घडला असेल याची मांडणी केली. (हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले, भुवनेश्वरला वारले.) अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेत विजेच्या ठिणग्या सोडल्या, १९५३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळाली, जीव नव्हे. हा सगळा प्रांत उत्पत्तीचा. स्वतःची नक्कल करणारं, नकलेत अधूनमधून चुकणारं, आणि त्या चुका पुढच्या नकलांकडे सोपवणारं काहीतरी तयार झालं की टिकणाऱ्या नकला आणि न टिकणाऱ्या नकला अशी निवड सुरू होते. तिथून पुढे उत्क्रांती.

या सीमेवर 'रासायनिक उत्क्रांती' असा शब्दप्रयोग रुळला आहे. जीव नसतानाची उत्क्रांती कसली, असा आक्षेप काहीजण घेतात. माझी हरकत नाही, फक्त 'रासायनिक' हे विशेषण गाळू नये.

वर्गात उदाहरण द्यायला लांब जायला नको. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. १८४७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने त्यांचं वर्णन केलं. ते साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. मुलांना विचारा, हे कुठल्या प्रश्नाचे साक्षीदार? उत्क्रांतीचेच. पश्चिम ऑस्ट्रेलियात सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेले खडक सुमारे ३४८ कोटी वर्षं जुने आहेत, आणि तेसुद्धा उत्पत्तीनंतरचेच. पहिल्या जीवाचा जीवाश्म कुणाच्या हाती लागलेला नाही.

'माकडापासून माणसाची उत्पत्ती झाली' या वाक्याला मात्र मी शून्य देईन. 'माणूस आणि आजची माकडं एकाच पूर्वजापासून उत्क्रांत झाली' असं हवं. 'जीवनाची उत्पत्ती'ऐवजी 'जीवसृष्टीचा उगम' लिहायला सांगा. मराठीत जीवन आपण जगतो तेच. आणि 'उत्क्रांती' सुटा असताना दीर्घ, पण 'उत्क्रांतिवाद' समासात ऱ्हस्व. त्याचे गुण कापायचे की नाहीत, ते मराठीच्या बाईंना विचारा.