प्राध्यापक आमदार झाला तर त्याच्या अभ्यासाचा सभागृहात उपयोग होतो का?

तुम्ही अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता, आमदारकीचं मनात आहे, आणि ‘अभ्यासू माणसाचं तिथे काही चालतं का’ असं विचारलंय. एका प्राध्यापक आमदारांकडे मी काही वर्षं प्रश्न आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचना) लिहून द्यायचो, तेवढ्या अनुभवावर सांगतो. चालतं, पण भाषणात नाही. तासभर बोलायची सवय असलेल्या माणसाला सभागृहातली घंटा फार लवकर ऐकू येते. मुद्द्याची प्रस्तावना संपेपर्यंत वेळ संपलेली असते.

खरी कमाई तारांकित प्रश्नांत, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं अशा प्रश्नांत आहे. त्यांचा साचा ठरलेला: ‘अमुक कालव्यांची सर्व कामे बंद आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आता यातल्या ‘सर्व’वर विभाग तुम्हाला पकडतो. एका ठिकाणी जेसीबी फिरत असला तरी उत्तर येतं, ‘हे खरे नाही’, आणि खालच्या दोन्ही भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. संपलं अधिवेशन! आमचे सर अर्थसंकल्पातली तरतूद आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालातला खर्च शेजारी शेजारी मांडून प्रश्न घालायचे. मग ‘अंशतः खरे आहे’ एवढं तरी कबूल करावं लागायचं, आणि त्या ‘अंशतः’वर ते उपप्रश्न लावायचे. मंत्र्यांनी ‘कार्यवाही करू’ म्हटलं की तो शब्द आश्वासन समितीकडे जातो; दिलेली आश्वासनं पाळली का, हे ती बघते. तिथे पाठपुरावा करणारे सदस्य कमी, कारण त्या बैठकांना कॅमेरे नसतात. चिकाटी असेल तर प्राध्यापकाला ही जागा मोकळीच आहे.

याची मोठी उदाहरणं आपल्याकडे आहेत. ग. प्र. प्रधान फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवायचे. १९६६ पासून १८ वर्षं ते पुणे पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर होते आणि तिथे विरोधी पक्षनेतेही झाले. अमरावती पदवीधरचे बी. टी. देशमुख १९८० ते २०१० असे सलग ३० वर्षं आमदार. विदर्भाच्या विकासातल्या अनुशेषाची (मागे राहिलेल्या कामांची) आकडेवारी त्यांनी सभागृहात सोडली नाही. माझ्या मते ते काम कोणत्याही प्रबंधापेक्षा मोठं आहे.

तुमचा रस्ताही बहुधा परिषदेचाच. तिथल्या ७८ पैकी ७ जागा पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या. गंमत म्हणजे शिक्षक मतदारसंघाचा उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे असं नाही, मतदार मात्र शिक्षक लागतो. पदवीधरची मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने होते. त्यामुळे अर्धी निवडणूक प्रचाराआधीच, फॉर्म १८, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरून घेताना लढली जाते. पाच-पाच जिल्ह्यांत तुमचे माजी विद्यार्थी असतील तर तेच तुमचे कार्यकर्ते. मतदान पसंतीक्रमाचं असल्याने दुसऱ्या पसंतीची मतंही गोड बोलून मागावी लागतात.

परिषदेची मर्यादाही ध्यानात ठेवा. अर्थविधेयक ती फार तर १४ दिवस अडवू शकते, सरकार पाडू शकत नाही. विधानसभा हवी असेल तर गणित वेगळं: नळ, गटार, बदल्या, लग्नं, तेरावं. तिथेही शिकवणारी माणसं टिकलीत. वर्षा गायकवाड आधी प्राध्यापक होत्या, धारावीतून चारदा आमदार झाल्या आणि २०१९ मध्ये शालेय शिक्षणमंत्री. पण मतदारसंघ सांभाळून वाचायला वेळ काढायचा, हे सगळ्यांना जमत नाही.

पक्षाच्या तिकिटावर गेलात तर व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेशही आला. वेगळं मत पक्षाच्या बैठकीत मांडा, मतदानात मांडलंत तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदी) सदस्यत्व जाऊ शकतं. नोकरीचं म्हणाल तर सरकारी कॉलेजात असता तर राजीनामाच द्यावा लागला असता. अनुदानित असल्याने परवानगी आणि रजेबद्दल संस्थेकडून आणि विद्यापीठाकडून लेखी घ्या. तोंडी ‘बघू’वर विसंबू नका, विरोधक छाननीच्या दिवशी तेच कागद मागतात.

तोवर एक करून बघा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. तुमच्या विषयातले ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर आलेले चार-पाच प्रश्न काढा आणि विभागाला निसटता येणार नाही असे पुन्हा लिहा. त्यात रात्र कशी गेली कळलं नाही, तर फॉर्म गोळा करायला लागा.