पाच लिटरचा डबा आणि तीन सल्ले

प्रश्न : आम्ही घरात चौघं. मी, नवरा (वय ४८, बँकेत नोकरी), सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. गेल्या महिन्यात नवऱ्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५२ आलं, तेव्हापासून घरात तेलावरून रोज खडाजंगी. सासूबाई म्हणतात, घाण्याचं करडई तेलच खरं. नवरा मोबाइलवर एका डॉक्टरांचे व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, बियांची तेलं म्हणजे विष, स्वयंपाक तुपातच कर. जाऊबाई 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेला महागाचा डबा घ्यायला सांगतात. सध्या महिन्याला पाच लिटर शेंगदाणा तेल लागतं, तूप वेगळं. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : जाऊबाईंचा डबा आधी निकालात काढू, ते सोपं आहे. कोलेस्टेरॉल असतं ते दूध, तूप, अंडी, मटण अशा प्राणिज पदार्थांत. वनस्पती तेलात ते नसल्यात जमा, मग तेल स्वस्तातलं असो की महागातलं. त्या दोन शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आता यजमानांचे डॉक्टर. नावामागची पदवी खरी असेलही. पण पुढच्या वेळी व्हिडिओ लागला की शेजारी बसा आणि दोनच गोष्टी ऐकू येतात का बघा : 'किती' आणि 'कशाच्या ऐवजी'. तूप चांगलं की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. गरम भाकरीवर चमचाभर तूप वेगळं आणि चौघांची फोडणी, पोळ्या, तळण सगळं तुपात हे वेगळं. तुपातली साधारण ६० टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, शेंगदाणा तेलात ती २० टक्क्यांच्या आसपास. एलडीएल वाढवते ती मुख्यतः संपृक्त चरबी. ज्याचं आधीच १५२ आहे, त्याने शेंगदाण्याच्या जागी तूप आणणं म्हणजे उलटी गंगा.

संपृक्त चरबी कमी केल्याने काय होतं, यावरच्या १५ चाचण्यांचा एकत्र आढावा कोक्रेन या संस्थेने २०२० मध्ये घेतला. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना साधारण १७ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. एकूण मृत्यूंत मात्र फारसा फरक नव्हता. फायदा दिसला तो त्या चरबीची जागा तेलातल्या बहु-असंपृक्त (पॉलिअनसॅच्युरेटेड) चरबीने किंवा पिष्टमय पदार्थांनी घेतली तिथे. म्हणजे 'कशाच्या ऐवजी' हा प्रश्न आलाच. तूप सोडून मैदा आणि पाम तेलाची बिस्किटं वाढवली तर हाती काही लागत नाही. खात्रीची माहिती ही अशी असते : फायदा सांगते, त्याची मर्यादाही सांगते. सगळं काळं किंवा सगळं पांढरं सांगणाऱ्यापासून जरा जपूनच, विशेषतः व्हिडिओच्या शेवटी तो स्वतःचंच तूप विकत असेल तर.

सासूबाईंचं करडई असंपृक्त चरबीच्या बाबतीत उत्तमच. फक्त घाण्यावर काढल्याने तेलातली चरबी बदलत नाही, उष्मांकही कमी होत नाहीत. चव, वास आणि ई जीवनसत्त्व जास्त टिकतं, हे खरं. घाण्यावर शेंगदाणे काढून घेणार असाल तर दाणे स्वतः निवडून न्या. बुरशी आलेल्या, काळपट, खवट दाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तेलात उतरतं आणि रिफायनिंगमध्ये निघून जातं तसं घाण्यात निघत नाही. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

पण ताई, तुमच्या पत्रातला मला खटकलेला आकडा वेगळाच आहे : पाच लिटर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम तेल-तूप मिळून पुरे. तुमच्या घराचे होतात ८५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला तूप धरून पावणेतीन लिटरच्या आसपास. पाच लिटरच्या डब्यात साधारण साडेचार किलो तेल, म्हणजे रोजचे दीडशे ग्रॅम आणि वर तूप. शिवाय शेंगदाण्याच्या चटणीत, दाण्याच्या कुटात जातं ते वेगळंच; १०० ग्रॅम दाण्यांत ४० ग्रॅमच्या आसपास चरबी असते. कुठलं तेल यावर महिनाभर भांडलात, किती तेल हे कुणी विचारलंच नाही! उद्यापासून फोडणीत डब्यातून थेट धार धरू नका. दिवसाचं तेल सकाळी वाटीत काढा आणि त्यातच भागवा. तळणाचं उरलेलं तेल परत परत तापवू नका.

यजमान बँकेत चहाबरोबर खारी खात असतील, तर पुड्यामागची घटकांची यादी त्यांनाच वाचायला सांगा. वजनाने जास्त असलेला घटक आधी छापायचा असतो. मैद्यापाठोपाठ पाम तेल किंवा वनस्पती तूप दिसलं की समजायचं. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर (तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी) २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे तो धोका पूर्वीपेक्षा कमी झालाय. पण पाम तेलातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्तच असते. पुड्यावर ठळक छापलेलं 'झिरो ट्रान्स फॅट' त्याबद्दल काही सांगत नाही. आकडे वाचताना १०० ग्रॅमचा रकाना बघा. 'एका सर्व्हिंग'चा आकडा दोन-तीन तुकड्यांचा असतो, आणि तेवढ्यावर थांबतंय कोण?

घरात कुणाला पडताळून बघायचं असेल तर पोषण संस्थेची 'भारतीयांसाठी आहार मार्गदर्शिका' (२०२४) संकेतस्थळावर फुकट मिळते. इंग्रजीत आहे, मुलीला वाचायला बसवा.

एलडीएलसाठी डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर माझं उत्तर वाचून ती बंद करू नका. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करायची का, हे त्यांना जरूर विचारा. थायरॉइड मंदावला तरी एलडीएल वाढतं. आणि सासूबाईंच्या भाकरीवरचं तूप चालू राहू द्या, एक चमचा. तो त्या सकाळच्या वाटीत धरायचा.