आई-बाबा व्हर्जिनियात येणार आहेत, गुडघे दुखतात. डब्ल्यू अँड ओडी ट्रेल त्यांना झेपेल का?

हो, झेपेल. आर्लिंग्टनमधल्या शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंतची ही ४५ मैलांची (सुमारे ७२ किमी) वाट जुन्या वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन (डब्ल्यू अँड ओडी) रेल्वेमार्गावर आहे. रेल्वे १९६८ साली बंद पडली. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे मार्ग मुळातच बेताच्या चढ-उताराचा आखलेला. शिवाय वर डांबर आहे. वाटेवरच्या व्हिएन्ना किंवा हर्नडन गावापासून सुरुवात करा, दोन्हीकडे जुनं स्टेशन अजून उभं आहे. मात्र शनिवार-रविवारी सकाळी जाऊ नका. सायकलवाले सुसाट येतात, 'ऑन युअर लेफ्ट' (म्हणजे तुमच्या डावीकडून पुढे जातोय) ओरडतात आणि आपली माणसं नेमकी डावीकडेच सरकतात! उजव्या कडेने चाला, एकामागे एक. बऱ्याच भागात वरून विजेच्या मोठ्या तारा गेल्यात, म्हणून सावली कमी. उन्हाळ्यात टोपी, पाणी हवंच.