शनिवारी मैदान बंद, वर टाळ्या वाजवायला या!

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा. आयर्लंडमध्ये लिमरिकजवळ नोकरीला आहे आणि गेल्या वर्षी इथल्या एका गोल्फ क्लबचा सभासद झालो. हँडिकॅप २८ (हा आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा), म्हणजे खेळ कसा असेल ते आलंच लक्षात. वार्षिक सभेत खजिनदारांनी क्लबच्या टीमांवरचा खर्च वाचून दाखवला : पाहुण्यांची जेवणं, सरावाचे चेंडू, टी-शर्ट, बस. एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘या मूठभर लोकांच्या हौसेचे पैसे आम्ही का भरायचे?’ अर्ध्या सभेने टाळ्या वाजवल्या. आणि आता तीच मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात, ‘शनिवारी सगळ्यांनी पाठिंब्याला या.’ त्या शनिवारी दुपारपर्यंत मैदान आम्हाला बंद! आमच्याकडे पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर पेठा लोटतात, खर्च कुणी काढत बसत नाही. इथल्या साध्या सभासदाला टीमच्या हारजितीचं खरंच काही असतं, की नुसती तोंडदेखली हौस? आणि मी जावं का?

उत्तर : जा. पण सकाळी नऊला जाऊन थंडीत कुडकुडू नका. शेवटची जोडी अठरापैकी चौदाव्या-पंधराव्या होलवर आली की जा. का, ते सांगते.

मी कॉर्कच्या बाजूला राहते, हॉस्पिटलातून निवृत्त झाले आणि गोल्फ उशिरा शिकले. माझा हँडिकॅप तुमच्यापेक्षा थोडाच बरा. क्लबच्या बारमध्ये बसून लोकांची बोलणी ऐकणं हा मात्र माझा जुना व्यासंग आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं मी धरून चालते.

सभेत टाळ्या वाजवणारे आणि शनिवारी या म्हणणारे एकच, याचं तुम्हाला नवल वाटलं. मला नाही वाटत. सभासदाला विचारलं पाहिजे, ‘कुठली टीम?’ आयर्लंडमध्ये क्लबची टीम एक नसते. सीनियर कप वेगळा, बार्टन शील्ड वेगळी, ज्युनियर कप वेगळा, जिमी ब्रुएन शील्ड वेगळी, पियर्स पर्सेल शील्ड वेगळी, बायकांचे कप आणखी वेगळे. आणि सभासदाचा जीव प्रत्येकात सारखा अडकलेला नसतो.

सीनियर कप ही सर्वांत मानाची स्पर्धा. हँडिकॅप शून्याच्या आसपास किंवा शून्याच्याही पलीकडे, असे खेळाडू. आता खरं सांगा, तुमच्या क्लबच्या सीनियर कप टीममधल्या किती जणांना तुम्ही नावाने ओळखता? ही पोरं कॉलेजात असतात, संध्याकाळी उशिरा एकटी येऊन चारशे चेंडू मारतात, शनिवारच्या आपल्या स्पर्धेत दिसत नाहीत. काही क्लब तर अशा खेळाडूंची वर्गणी कमी करतात किंवा माफ करतात, म्हणजे ती दुसरीकडे जाऊ नयेत. अशी टीम जिंकली तर नोटीस बोर्डावर कागद लागतो, आपण ‘अरे वा’ म्हणतो आणि चहा घ्यायला जातो. त्यात लबाडी नाही. त्या मुलाचा खेळ आणि आपला खेळ यांचा काही संबंधच नसतो.

पर्सेल शील्डचं तसं नाही. ती मोठ्या हँडिकॅपवाल्यांची. म्हणजे तुमची आणि माझी जात. एका सामन्यात पाच जोड्या. प्रत्येक जोडीला चेंडू एकच. एक फटका तुमचा, पुढचा जोडीदाराचा. तुम्ही झाडीत घातलेला चेंडू त्याने काढायचा, त्याने वाळूत घातलेला तुम्ही. एकमेकांना ‘सॉरी’ म्हणायचं नाही हा अलिखित नियम, कारण म्हणायला लागलं तर अठरा होल तेच चालेल. तीन जोड्या घरच्या मैदानावर, दोन पाहुण्यांच्या. ज्यांच्या तीन जोड्या आधी जिंकल्या ते पुढे, आणि निकाल लागला की बाकीचे अर्ध्यातून परत बोलावले जातात. ब्रुएन शील्डचा साचाही असाच, फक्त हँडिकॅप मधले.

या टीममध्ये कोण असतं? तुमची गाडी दुरुस्त करणारा, तुमच्या मुलीचा मास्तर, मागच्या शनिवारी ज्याच्याबरोबर खेळताना तुम्ही पाण्यात दोन चेंडू घालवलेत तो. त्यातला प्रत्येक जण कसा चुकतो हे अख्ख्या क्लबाला पाठ असतं. म्हणून तो चुकला नाही की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

आमच्याकडची एक लढत डोळ्यांसमोर आहे. बाकीच्या चार जोड्यांत दोन-दोन झालेले, पाचवी आमच्या मैदानावर अठराव्यावर आली होती, तीही बरोबरीत. पाऊस इथला नेहमीचा, आडवा. आमचा दुधाचा टँकर चालवणारा भिडू आणि त्याचा जोडीदार, एक प्राथमिक शिक्षक. ग्रीनभोवती, म्हणजे होलच्या गुळगुळीत हिरवळीभोवती, छत्र्याच छत्र्या. प्रतिस्पर्ध्यांचा चेंडू कडेला लागून बाहेर राहिला तेव्हा एकानेही आवाज काढला नाही. दुसऱ्याच्या चुकीवर टाळी वाजवली तर त्या माणसाशी इथे वर्षभर कुणी धड बोलत नाही. मग शिक्षकाला चार फुटांचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका. रोजच्या खेळात समोरचा ‘राहू दे, दिला’ म्हणतो असा. तो माणूस पटवर उभा राहिला की गुडघे थोडे आत वळतात, हे मला माहीत, माझ्या शेजारच्या बाईला माहीत, सगळ्यांनाच माहीत. त्याने तीनदा पकड बदलली. गेला आत. आणि त्याची बॅग सकाळपासून खांद्यावर घेऊन कोण भिजत होतं म्हणता? आदल्या सभेत टीमच्या खर्चावर सर्वांत लांब भाषण ठोकणारे आमचे सद्गृहस्थ. त्यांचा आक्षेप आजही कायम आहे, बरं का. पुढच्या सभेत पुन्हा उठले.

नंतर दोन्ही टीमांना यजमान क्लबचं जेवण : चिकन करी, ताटात अर्धा भात आणि अर्धे चिप्स. (ही आयरिश करी आपल्या जिभेला काय लागते यावर मी स्वतंत्र लेख लिहू शकेन, संपादकांची तयारी नाही.) हरलेल्यांचा कॅप्टन उठून दोन शब्द बोलतो. खजिनदार ज्यावर बोट ठेवतात तो खर्च पुष्कळसा हाच असतो.

कोल्हापूरची तुलना तुम्ही काढलीत म्हणून बोलते. पेठेतल्या माणसाला तालमीचा संघ जन्मापासून मिळतो. तो स्वतः फुटबॉलला पाय लावत नसला तरी संघ त्याचाच. गोल्फ क्लबात माणूस वर्गणी भरून येतो, मुख्यतः स्वतः खेळायला येतो. शनिवारची सकाळ त्याने विकत घेतलेली असते. तीच काढून घेतली की कुरकुरणारच. त्याच्याकडून पेठेची निष्ठा मागणं जरा जास्त होतं.

तरी आयर्लंडमध्ये ही ओढ मुळात जास्त, याला कारण आहे. इथे गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या देशी खेळांमुळे गावचा क्लब, मग काउंटी, मग प्रांत, मग ‘ऑल-आयर्लंड’ ही शिडी पोराटोरांच्या अंगात भिनलेली असते. गोल्फच्या क्लब-स्पर्धांची शिडीही जवळपास तीच : विभाग, मग मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर, कॉनॉक्ट हे चार प्रांत, चार प्रांतविजेते अखेरच्या फेरीत, आणि जिंकलात की हिरवी पताका. उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडचे क्लब त्यात असतात. शेन लाउरी या आयरिश गोल्फरने २०१९ साली रॉयल पोर्टरशला ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली. त्याचे वडील १९८२ साली गेलिक फुटबॉलचं ऑल-आयर्लंड जिंकणाऱ्या ऑफली काउंटीच्या संघात होते. दुसरा आयरिश गोल्फर पॉड्रिग हॅरिंग्टन, त्याचे वडील कॉर्ककडून त्याच स्पर्धेचे १९५६ आणि १९५७ चे अंतिम सामने खेळले, दोन्ही हरले. एकाच घरात दोन्ही खेळ नांदतात, म्हणून एकाची सवय दुसऱ्याला लागते.

ज्यांच्या नावाची ती शील्ड आहे ते जिमी ब्रुएन आमच्या कॉर्कचे, असं आम्ही छातीठोक सांगतो. जन्म बेलफास्टचा, पण ते हळूच. १९३८ साली, अठराव्या वर्षी, ते सेंट अँड्र्यूजला वॉकर कप (अमेरिकेच्या हौशी खेळाडूंशी होणारा सामना) खेळले आणि ब्रिटन-आयर्लंडने तो कप पहिल्यांदा जिंकला. १९४६ साली बर्कडेलला ब्रिटिश अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकणारे ते पहिले आयरिश. फटक्यासाठी मागे नेताना त्यांची काठी हवेत भलताच वळसा घ्यायची. अशा अलौकिक खेळाडूचं नाव मधल्या हँडिकॅपवाल्यांच्या शील्डला दिलंय, याचं मला फार बरं वाटतं.

आता पैशाचं. तुमच्या सभेतल्या गृहस्थांचा मुद्दा उडवून लावू नका. पुढच्या वेळी खजिनदारांना एवढंच म्हणा की खर्च एका आकड्यात न वाचता फोडून वाचा : जेवणं आणि बस वेगळी, माफ केलेल्या वर्गण्या वेगळ्या, बंद मैदानामुळे बुडालेली पाहुण्यांची फी वेगळी. पाहुण्याला घास घालण्यावर कुणी भांडत नाही. भांडण असतं ते बहुधा दुसऱ्या रकान्यावर, आणि ते उघड झालेलं बरं. शिवाय २८ हँडिकॅपवाल्याला पर्सेलच्या टीममधून बोलावणं येऊ शकतं, तेव्हा फार मोठ्याने भांडू नका.

प्रश्न : माझी मुलगी-जावई इंग्लंडमध्ये सरेत असतात. जावई क्लबच्या टीमकडून खेळतात, पण घरी कुणाला पत्ता नसतो. तिकडेही असंच वेड आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जावईबापूंना विचारा की मॅच मित्रत्वाची होती का. इंग्लिश क्लबांत ‘फ्रेंडली’ भरपूर : शेजारच्या क्लबाशी सामना, मग कोट-टाय घालून जेवण. निकाल गाडीत बसेपर्यंत विसरतात. काउंटीच्या लीगही असतात, पण त्या बहुतेक चांगल्या खेळाडूंच्या, आणि त्यांच्याभोवती गर्दी बघायला मिळत नाही.

मात्र इंग्लिश माणूस निष्ठेला कमी आहे असं समजू नका. तो ती दुसरीकडे ठेवतो. एप्रिलमध्ये केंटच्या किनाऱ्यावर डील आणि सँडविचला हॅल्फर्ड हेविट कप होतो, १९२४ पासून. ६४ शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे संघ, प्रत्येकी दहा जण, त्याच आळीपाळीच्या जोड्या. पन्नाशी-साठीचे बँकवाले आणि वकील शाळेच्या नावासाठी समुद्रावरच्या वाऱ्यात जीव टाकतात. क्लबाचं नाव काढलं तर तेच लोक म्हणतील, ‘जिंकलो? कधी?’

प्रश्न : आमच्या टीमच्या मॅनेजरने सुचवलं की शील्डचे सामने होईपर्यंत ‘फार चांगली कार्डं (खेळाची गुणपत्रकं) टाकू नकोस’, म्हणजे हँडिकॅप खाली येणार नाही. बाकीचेही म्हणे तेच करतात. नाही म्हटलं तर टीममधून जाईन. काय करू? (एक वाचक, डब्लिन)

उत्तर : नाही म्हणा. टीममधून गेलात तर जा.

हा तुमच्या मॅनेजरचा शोध नाही, प्रत्येक क्लबात असा एक असतो. नोव्हेंबर २०२० पासून इथे जागतिक हँडिकॅप पद्धत आहे : शेवटच्या वीस कार्डांतली उत्तम आठ धरून सरासरी. म्हणजे चांगली कार्डं आलीच नाहीत तर आकडा वर राहतो, आणि पावसापाण्यात मुद्दाम खेळून चार भिकार कार्डं टाकली की जुनी चांगली कार्डं विसातून बाहेर ढकलली जातात. लोक ते करतात. क्लबाची हँडिकॅप कमिटी मनात आणलं तर असा आकडा खाली ओढू शकते. गाडी अडते ती मनात आणण्यापाशीच, कारण कमिटीतले दोघे त्याच टीमचे पाठीराखे असतात.

वरच्या लिमरिकच्या वाचकांना मी सांगितलं की सभासदांना टीमबद्दल आस्था असते. ती ज्या दिवशी मरते तो दिवस बहुतेक हाच असतो. शिक्षकाने चार फुटांचा पट घालवला तरी लोक पुढच्या वर्षी छत्री घेऊन येतात. पण ‘हा अठराचा हँडिकॅपवाला दर होलवर पार (ठरलेल्या फटक्यांतच होल) कसा करतो?’ हे बारमध्ये कुजबुजायला लागले की त्या टीमने पताका आणली तरी ती बघायला कुणी मान वर करत नाही. आमच्याच क्लबात असं एक वर्ष गेलं. जिंकलेल्यांच्या जेवणाला टीमच्या बायका-मुलांशिवाय कुणी नव्हतं.

तेव्हा कार्ड खरं टाका, दर वेळी टाका. मॅनेजरशी एकट्याने, शांतपणे बोला. सगळ्यांसमोर नको, इथे माणसं ते कधी विसरत नाहीत. हँडिकॅप खाली आला तर पर्सेलची जागा जाईल आणि ब्रुएनच्या निवडीसाठी तुमचं नाव येईल. तिथला मॅनेजर दुसरा असतो.