फौजेविषयी चारचौघांत न बोलले जाणारे

गावोगावच्या सत्कारांमुळे माजी सैनिकाचे खरे बोलणे बंद होते, असे मी मागील अंकात लिहिले होते. त्यावर मंडणगडापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. त्यांतील तीन येथे घेतली आहेत. माझी उत्तरे माझ्याच बरोबरीच्या अनेक फौजी मित्रांना रुचणार नाहीत, याची कल्पना असूनही ती जशी सुचली तशी दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा बारावी झाला असून अग्निवीर भरतीची तयारी करीत आहे. आमच्या वाडीतील एक निवृत्त हवालदार पंधरा ऑगस्टच्या भाषणात 'प्रत्येक घरातून एक मुलगा फौजेत गेला पाहिजे' असे सांगतात. मी घरी जाऊन सल्ला विचारला, तेव्हा मात्र हळू आवाजात म्हणाले, 'तुमच्या मुलाला पाठवू नका.' यांतले कोणते बोलणे खरे मानायचे?
(एक वडील, गुहागर तालुका)

उत्तर : दोन्ही खरी माना आणि हवालदारांना दोष देऊ नका. झेंड्याखाली उभा असलेला माणूस पलटणीच्या वतीने बोलतो आणि पडवीत बसल्यावर बापाच्या काळजाने बोलतो. पडवीतले बोलणे व्यासपीठावर आणले, तर आपण मिळवलेला मान जाईल, अशी भीती आम्हां बहुतेकांना वाटते.

मी स्वतःपासून सुरुवात करतो. मी 1986 साली भरती झालो तो पगारासाठी. वडील मुंबईत गिरणी कामगार होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचेच, आणि आमच्या भातशेतीत वर्षभर पुरेल एवढा तांदूळही निघत नव्हता. माझी पहिली मनिऑर्डर आली तेव्हा पोस्टमनने पडवीत बसून नोटा दोनदा मोजून दिल्या, आईने त्या देवापुढे ठेवल्या आणि दिवेलागणीपर्यंत त्यांना कोणी हात लावला नाही, असे बहिणीने मला पत्रात कळवले होते. ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे. पलटणीवरचे प्रेम पुढे बेळगावच्या केंद्रात आणि नंतर सीमेवर हळूहळू जडले, आणि देशाचा अर्थही मला पलटणीतल्या माणसांकडूनच कळला. पोटासाठी भरती झालेला सैनिक कमी प्रतीचा असतो, असे मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही पाहिले नाही. तरीही हे वाक्य सत्कार-समारंभात बोलायची सोय नाही, आणि ती नसल्यामुळेच तुमच्यासारख्या वडिलांना नोकरीविषयीचे साधे प्रश्न विचारायला संकोच वाटतो.

तो संकोच सोडा. अग्निवीर योजना जून 2022 मध्ये आली. सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना कायम केले जाते. बाकीच्यांना सेवानिधी म्हणून व्याजासह सुमारे 11.71 लाख रुपये मिळतात, त्यातला निम्मा वाटा मुलाच्याच पगारातून कापलेला असतो. 48 लाखांचे विमा संरक्षण आहे, मात्र निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी नाही. आमच्या काळी जवानाला पंधरा वर्षे भरली की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळे, आणि कोकणातली कितीतरी चिरेबंदी घरे त्याच आधारावर उभी राहिली. तो हिशोब तुमच्या मुलाला लागू नाही. म्हणून 'पाठवू का' या प्रश्नाच्या आधी 'बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी परत आला तर काय करील' याचे उत्तर घरात ठरलेले असू द्या. त्याला गणिताची आवड असेल किंवा हातात यंत्राचे काम असेल, तर तांत्रिक शाखेसाठी प्रयत्न करू द्या, आणि चार वर्षांत पदवीचा बाहेरून अभ्यास चालू ठेवायला सांगा. एवढे पाहूनही त्याचे मन तिकडेच ओढत असेल, तर मोकळ्या मनाने पाठवा. मी आजही त्याला अडवणार नाही.

हवालदारांना भेटलात तर एक आठवण करून द्या. न रुचणारे बोलणारा माजी सैनिक या किनाऱ्याला नवा नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत राहिले, आणि निवृत्तिवेतनावर स्वस्थ बसण्याऐवजी त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध उघड लेखन केले. इंग्रजांनी महारांची फौजभरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्जही लिहिला. ज्या फौजेचे मीठ खाल्ले तिलाच तिची चूक दाखवणे त्यांना गैर वाटले नाही.

प्रश्न : मी बावीस वर्षे सेवा करून गावी आलो आहे. येथील तरुण वेळ पाळत नाहीत आणि मोठ्यांचे ऐकत नाहीत. प्रत्येकाला दोन वर्षे सक्तीची लष्करी सेवा असावी, असे मी ग्रामसभेत मांडले आणि टाळ्या मिळाल्या. माझी मुलगी मात्र हे मत चुकीचे मानते.
(एक माजी सैनिक, देवगड तालुका)

उत्तर : मुलीचे म्हणणे बरोबर आहे. आपली फौज दुसऱ्या महायुद्धात 25 लाखांच्या घरात गेली, तीसुद्धा स्वेच्छेच्या भरतीवर. रात्रीच्या पहाऱ्याला शेजारच्या खंदकात मनाविरुद्ध आणलेला मुलगा उभा असेल, तर तुम्हाला झोप लागेल का, याचा विचार करा. अशा मुलाला सांभाळण्यातच नायक आणि हवालदारांचा वेळ जाईल. गावाला वळण लावण्याचा कारखाना म्हणून पलटण उभी केलेली नाही.

शिवाय शिस्त फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, हा समज निवृत्तीनंतर मलाही काही वर्षे होता. तो समज एका बंदरात गळून पडला. पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत, म्हणजे 1 जून ते 31 जुलै या काळात, एका ओळखीच्या तांडेलाकडे, म्हणजे बोटीच्या प्रमुखाकडे, मी काही कामासाठी गेलो होतो. शेडमध्ये पाच खलाशी जाळे सांधत बसले होते. एकाने गाठ मारून जाळे पुढे सरकवले, तांडेलाने ती गाठ अंगठ्याने दाबून पाहिली आणि एक शब्दही न बोलता सोडून पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवली. त्या मुलाने मान वर न करता ती पुन्हा मारली. समुद्रात ती सुटली तर काय होते, हे दोघांनाही ठाऊक होते. अशी शिस्त कामातून येते, आणि तुमच्या गावातल्या ज्या मुलांना ती नाही त्यांच्यापाशी बहुधा तसे कामच नाही. ग्रामसभेत पुढच्या वेळी त्या कामाविषयी बोललात, तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

प्रश्न : माझे पती सतरा वर्षे फौजेत राहून दोन वर्षांपूर्वी घरी आले. त्यांना व्यसन नाही, ते हातही उगारत नाहीत. परंतु घरातल्या प्रत्येक गोष्टीत हुकूम सोडतात आणि मुले त्यांच्यासमोर गप्प होतात. ते दूर होते तेव्हाच घर बरे चालले होते, असे मनात येते आणि मग स्वतःचीच लाज वाटते.
(एक गृहिणी, सावंतवाडी तालुका)

उत्तर : ताई, लाज वाटून घेऊ नका. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती दरवर्षी पूर्ण मिळाली असे धरले, तरी सतरा वर्षांत तुमचे पती जेमतेम सव्वाचार वर्षे घरी होते, आणि रजेवर आलेला माणूस पाहुण्यासारखाच असतो. उरलेली पावणेतेरा वर्षे मुलांचे ताप, शाळा, गळके कौल आणि गणपतीची आरास हे सारे तुम्ही एकटीने निभावले. सैनिकाच्या त्यागाविषयी बोलताना आम्ही या वर्षांचा उल्लेख एका वाक्यात उरकतो, हे मला मनापासून खटकते.

मी घरी आलो त्या पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे ओळीत लावले आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. मला वाटले, पत्नी खूश होईल. ती काही बोलली नाही. चौथ्या दिवशी बांगड्याच्या तिकल्याला तिरफळे सापडेनात, तेव्हा ती डब्यांसमोर उभी राहून म्हणाली, 'बदली तुमची झाली आहे, माझी नाही.' मला ते फार लागले, आणि ते पूर्ण पटायला वर्ष गेले.

तुमच्या पतींना समजेल अशा भाषेत एक गोष्ट सांगा. नव्या ठिकाणी बदली झाली की आपण आल्याबरोबर हुकूम देत नाही, आधी जुन्या माणसाकडून चार्ज घेतो. त्याच्याबरोबर सगळीकडे फिरतो, मोजून घेतो, आणि मगच सही करतो. या घराचा चार्ज तुमच्याकडे आहे. मुलाचा गणिताचा शिक्षक कोण, दूध कोणाकडून येते, कोणत्या नातेवाइकाकडे जायचे आणि कोणाकडे टाळायचे, हे त्यांनी आधी तुमच्याकडून शिकून घ्यावे. मी हे पत्नीकडून ऐकले. माझ्या जुन्या सुभेदार मेजर साहेबांनी सांगितले असते तर कदाचित आणखी लवकर ऐकले असते. म्हणून तुमच्या पतींच्या पलटणीतला एखादा वडीलधारा जवळपास असेल, तर त्याला घरी जेवायला बोलवा. पती रात्री दचकून उठत असतील किंवा त्यांना झोपच येत नसेल, तर ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात दाखवा. त्यात कमीपणा मानणारे आमच्यात पुष्कळ आहेत आणि ते चुकतात.

तुम्ही विचारले नसलेली एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये होते, आणि पुढे पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन त्या नावावर अवलंबून असते. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत असल्यामुळे कागदावर माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे, असा घोळ अनेक घरांत आहे. माझ्या शेजारच्या एका वहिनींना पतीच्या मृत्यूनंतर याच कारणाने वर्षभर हेलपाटे घालावे लागले. तेव्हा येत्या रविवारी दोघांनी मिळून पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), डिस्चार्ज बुक आणि तुमचे आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून नावाचे प्रत्येक अक्षर जुळवून पाहा. फरक आढळला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून पतींच्या सहीने दुरुस्तीचा अर्ज पाठवा, आणि त्याची एक प्रत तुमच्या स्वतःच्या पेटीत ठेवा.